भिगवणला टिपलेल्या पांढऱ्या पक्ष्यांची पिसे फोटोत जळतात : चूक कॅमेऱ्यावर होते की संपादनात?

नमस्कार.

गेले दोन हिवाळे मी पुण्याहून भिगवणला, म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्यावर, पक्ष्यांचे फोटो काढायला जात आहे. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि १५०-६०० मिलिमीटरची लेन्स असून फोटो मी रॉ स्वरूपातच, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती तशीच ठेवून, काढतो. तरीही एका ठरावीक ठिकाणी माझे काम अडते (पांढरी पिसे जळतात, म्हणजे त्यांतला तपशील पुसला जातो), म्हणून हा धागा काढत आहे.

कुंभारगावहून होडी निघाली की कुरव पक्षी अगदी हाताच्या अंतरावर घिरट्या घालू लागतात. (काही होड्यांतून त्यांना फरसाण टाकले जाते, ते मला पटत नाही, पण तो विषय वेगळा.) हे पक्षी कधी गडद पाण्याच्या पार्श्वभूमीवर दिसतात, तर पुढच्याच क्षणी फिकट आभाळावर. सुरुवातीला मी मीटरिंग, म्हणजे प्रकाश मोजणे, कॅमेऱ्यावर सोपवून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेल्या प्रकाशात करायचा कमी-अधिक बदल) उणे एकवर ठेवत असे. पाण्यावरचा पक्षी त्यामुळे बऱ्यापैकी सावरत असे, मात्र तोच पक्षी आभाळात गेला की करडा, मळकट दिसे. कॅमेरा सगळी चौकट सरासरी करड्या छटेकडे ओढतो, पक्ष्यावर पडणाऱ्या उन्हात मात्र काहीच फरक पडलेला नसतो, हे लक्षात आल्यावर मी पूर्ण मॅन्युअलवर, म्हणजे सगळी मूल्ये स्वतः ठरवण्यावर, आलो.

गेल्या खेपेस सकाळच्या कोवळ्या उन्हात १/२५०० शटर स्पीड, एफ ६.३ आणि आयएसओ ८०० ही मूल्ये ठरवली आणि पहिला तासभर फोटो खरोखर चांगले आले. पुढे ऊन चढत गेले, मी उत्साहाच्या भरात तीच मूल्ये तशीच ठेवली आणि नऊनंतरच्या जवळजवळ सर्व फोटोंत कुरवांची डोकी आणि छाती पांढऱ्या कागदासारखी सपाट झाली. संपादनात हायलाइट (सर्वांत उजळ भाग) उणे ऐंशीपर्यंत खाली ओढले, तर पांढऱ्याचे करडे झाले, पण पिसांच्या रेषा काही परत आल्या नाहीत. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग एकदा काठोकाठ भरले की तिथे परत आणण्यासारखे काही उरतच नसावे, असे मी समजतो.

याच्या उलट, दुसऱ्या दिवशी भीतीपोटी दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी प्रकाश घेतला. पिसे वाचली, परंतु पोटाखालची सावली उजळताच रंगीत दाणे वर आले. ते काढण्यासाठी नॉइज रिडक्शन वाढवले, तर पक्षी मेणाचा केल्यासारखा दिसू लागला, आणि त्यावर शार्पनिंग दिल्याने पंखांच्या कडेला पांढरी किनार उमटली. आभाळ बदलणे किंवा नसलेली पिसे संगणकाकडून भरून घेणे मला नको आहे.

फ्लेमिंगो म्हणजे आपले रोहित पक्षी, त्यांची गोष्ट निराळी आहे. ते लांब असतात, थवा उठेल इतक्या जवळ होडी नेऊ नये असे मी नावाड्याला आधीच सांगतो, आणि मग चौकटीचा जेमतेम दहावा हिस्सा कापून वापरावा लागतो. दहाच्या सुमारास काढलेले असे फोटो शटर स्पीड भरपूर असूनही मऊ येतात. पाण्यावरची तापलेली हवा हलते हे त्याचे कारण असावे, आणि त्यावर लवकर पोहोचणे व कमी अंतर याखेरीज इलाज नाही, असे मी मनाशी मान्य केले आहे.

आता मुख्य प्रश्न. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुकणारी हायलाइटची सूचना आणि हिस्टोग्राम (उजळ-गडद छटांचा आलेख) हे दोन्ही जेपेग पूर्वदृश्यावरून, म्हणजे कॅमेऱ्याने आधीच प्रक्रिया केलेल्या प्रतिमेवरून, तयार होतात. मग रॉ फाइलमध्ये प्रत्यक्षात आणखी किती वाव असतो, हे आपापल्या कॅमेऱ्यासाठी तुम्ही कसे तपासून ठेवले आहे? हलत्या होडीत, पक्षी समोर असताना, ऊन चढेल तशी मूल्ये बदलण्याची कोणती सवय तुम्ही लावून घेतली आहे? आणि नॉइज रिडक्शन संपूर्ण फोटोला न देता केवळ पार्श्वभूमीला व सावलीला देऊन पिसांना हात न लावणे, हा मार्ग तुमच्या अनुभवात टिकतो का, की पक्षी आणि पार्श्वभूमी यांच्यातील सांधा उघडा पडतो?

कोणाला पाहायच्या असतील तर जळालेल्या आणि अंधारलेल्या अशा दोन्ही रॉ फाइल्स मी इथे देऊ शकेन.