गोवंडीतली अभ्यासिका: ट्रस्ट, सोसायटी की कलम ८ कंपनी?

संध्याकाळचीशाळा:
आम्ही पाच जण गोवंडीत दहावीच्या मुलांची अभ्यासिका चालवतो. खोलीचं भाडं आतापर्यंत खिशातून जातंय. आता दोन देणगीदार ८०जीची (देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारी) पावती मागताहेत आणि एका कंपनीने सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीचा, विषय काढलाय. नोंदणी कोणत्या कायद्याखाली करावी?

हिशोबनीस:
सोसायटीला किमान सात सभासद लागतात. दोन नावं उगाच भरू नका, सह्यांच्या वेळी तीच माणसं सापडत नाहीत. शिवाय महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखालची सोसायटी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. कलम ८ कंपनी, म्हणजे कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी, दोन संचालकांवर उभी राहते, पण दरवर्षीची विवरणपत्रं आणि सीएची फी छोट्या कामाला जड जाते. तुमच्यासाठी ट्रस्ट बरा. नोंदणी वरळीला, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात.

८०जी त्यासोबत आपोआप मिळत नाही. ट्रस्टच्या नावाचं पॅन काढून प्राप्तिकर खात्याकडे वेगळा अर्ज करायचा. देणगीदारांनाही आधीच सांगून ठेवा: नव्या करप्रणालीत असलेल्याला ही वजावट नाही, आणि रोख २,००० रुपयांच्या वर दिले तरी नाही.

वरळीचीफाईल:
नोंदणी होऊन जाते हो, संस्था अडकतात त्या बदल अर्जावर, म्हणजे नोंदीतला बदल धर्मादाय कार्यालयाला कळवण्याच्या अर्जावर. विश्वस्त बदलला की १९५० च्या त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत कळवायचं. सोबत सभेची नोटीस, ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, इतिवृत्त, जाणाऱ्याचा राजीनामा, येणाऱ्याचं संमतीपत्र. संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) १५ दिवसांची नोटीस लिहिलेली असते आणि सभा मात्र तीन दिवसांत व्हॉट्सॲपवर बोलावलेली. एकाने हरकत घेतली की प्रकरण लांबतं. मुदत गेली असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज. तोवर परिशिष्ट १ वर, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं राहतात, आणि बँक सही बदलून द्यायला तो उताराच मागते.

म्हणून घटना लिहितानाच नोटीस किती दिवसांची, कोणत्या मार्गाने आणि गणपूर्ती (सभेला किमान हजेरी) किती, हे झेपेल तेवढंच लिहा. दुसऱ्या संस्थेची घटना जशीच्या तशी उतरवून काढू नका.

एमपूर्व:
माझं मत वेगळं आहे: सीएसआरसाठी नोंदणी करत असाल तर थांबा. नव्या संस्थेला तो पैसा थेट मिळत नाही. तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, वर सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे हा निधी घेण्यासाठी संस्थेने करायची सरकारी नोंदणी. कंपनीच्या माणसाला बहुतेकदा हे ठाऊक असतं, तरी तो बोलणी चालू ठेवतो!

तोवर एखाद्या जुन्या संस्थेचा प्रकल्प म्हणून काम करा. पावती त्यांची, खर्चाची बिलंही त्यांच्याच नावाची. फक्त त्यांचा परदेशी निधी तुमच्याकडे वळवायचा नाही, २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्याखाली आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही.

आणि भाडं का भरताय? आधी पालिका शाळेचा वर्ग मागा. गोवंडी ज्यात येतं त्या पालिकेच्या एम पूर्व विभागाच्या प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्याकडे लेखी अर्ज द्या: किती मुलं, कोणती वेळ, कुलूपकिल्ली आणि झाडलोट कोणाकडे. या शेवटच्या दोन गोष्टी नसल्या की मुख्याध्यापक नकार देतात, आणि त्यांचंही चुकत नाही. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेने १९९० च्या दशकात मुंबईत बालवाड्या सुरू केल्या त्या पालिका आणि युनिसेफला सोबत घेऊन, वस्तीत मिळेल त्या जागेत. पालिकेने द्यायची गोष्ट संस्थेने परस्पर विकत घेतली की पालिका ती द्यायचं विसरते.

संध्याकाळचीशाळा:
वर्गासाठी अर्ज करतोच. पण नोंदणीशिवाय तो घेतील का?

एमपूर्व:
जुन्या संस्थेच्या लेटरहेडवर द्या, सोबत त्यांच्या नोंदणी दाखल्याची प्रत. आवक क्रमांकाचा शिक्का तुमच्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.