सीएसएसचा एकपानी तक्ता समोर टांगलाय, तरी तिसरी साडी खालीच उतरते

वडगावचा_माग

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला राहतो. घरात दोन यंत्रमाग आहेत. बाबा चालवतात, आई कांड्या भरते. आमच्या आणि गल्लीतल्या आणखी तीन घरांच्या साड्या एकत्र दाखवायला एक वेबपान करायचं मी अंगावर घेतलंय. गिऱ्हाईक दोन्हीकडचं आहे, इकडे कोल्हापूर-इचलकरंजी आणि तिकडे धारवाड-हुबळी. म्हणून मजकूर मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही.

एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा, बऱ्यापैकी जमलं. सीएसएससाठी, म्हणजे पानाचे रंग आणि मांडणी ठरवायला, मित्राने एक चीटशीट दिली, गुणधर्मांचा एकपानी तक्ता. दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढून लॅमिनेशन केलं आणि मागाच्या खोलीला लागून माझं टेबल आहे तिथे खिळ्याला टांगली. माग चालू असला की धोट्याच्या आवाजात व्हिडिओ ऐकून शिकणं अशक्य. त्यामुळे मला हा कागदच शिक्षक आहे आणि त्यातली ओळ न् ओळ मी वाचलीय.

तरीही अडतंय. तीन साड्यांचे तीन चौकोन एका रांगेत हवेत. बाहेरचा डबा जास्तीत जास्त ९६० पिक्सेलचा, प्रत्येक चौकोनाला विड्थ (रुंदी) ३३.३३ टक्के, पॅडिंग (आतली मोकळी जागा) १६, बॉर्डर (कडेची रेघ) १. डिस्प्ले फ्लेक्स आणि फ्लेक्स-रॅप रॅप, म्हणजे रांगेत मांड, मावलं नाही तर खाली उतरव. तक्त्यात आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहिलंय. (इथे नावं देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये अर्थात इंग्रजीतच आहेत.) पण दोन साड्या वर राहतात आणि तिसरी खाली उतरते.

दुसरं, बाबांना मथळा मरून रंगात हवा होता. क्लास (नियम लावायचं नाव) दिला, कलर लिहिला. रंग जुनाच, काळा. तीन वेळा सेव्ह केलं, ब्राउझर बंद करून उघडला.

तिसरं जास्त लागलं. मथळा उठून दिसावा म्हणून तक्त्यातून लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली फट) २ पिक्सेल आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १.१ घेतली. तक्त्यातल्या नमुन्यात इंग्रजी मथळा देखणा दिसतो. आमचा मराठी मथळा मात्र फाटल्यासारखा झाला, प्रत्येक अक्षरावरची रेघ सुटी. शेजारच्या काकूंनी फोनवर बघून विचारलं, "हे असं तुटक तुटक का लिहिलंस रे?" कन्नड मथळ्यात खालची जोडाक्षरं पुढच्या ओळीत घुसतात.

तक्ता चुकीचा आहे की मी तो चुकीचा वाचतोय? तुम्ही लोक असा तक्ता नेमका कशासाठी वापरता, सांगा की.

पुण्यात_बेळगावकर

भावा, तक्ता चुकीचा नाही. तो प्रत्येक गुणधर्म सुटा सुटा सांगतो, दोन गुणधर्म एकत्र आले की काय होतं ते त्यात नसतं. तुझी साडी तिथेच उतरली.

हिशोब मांडून बघ. ९६० चा तिसरा हिस्सा ३२०. पण ब्राउझर विड्थ मोजतो ती फक्त आतल्या मजकुराची. पॅडिंग दोन्ही बाजूंचं ३२ आणि बॉर्डर दोन्ही बाजूंची २ वरून मिळवतो. झाले ३५४. तिनाचे १०६२. डबा ९६० चा, मग तिसरा मावणार कसा? तुझ्या घरातलं उदाहरण द्यायचं तर साडीचा पन्हा सांगताना काठ धरूनच सांगतात ना? सीएसएस मुळात काठ सोडून सांगतं. काठ धरून मोजायला लावायचं असेल तर सगळ्यात वर सगळ्या घटकांसाठी बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स लिही. मी कुठल्याही नव्या कामात पहिली ओळ हीच लिहितो.

रंगाचं म्हणशील तर लॅपटॉपवर पान उघड, मथळ्यावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट कर. उजवीकडे त्या मथळ्याला लागू होणारे सगळे नियम दिसतील. त्यात तुझा मरून कलर असेल आणि त्यावर आडवी रेघ मारलेली असेल. रेघ म्हणजे नियम पोचलाय, पण दुसऱ्या कुठल्या तरी नियमाने त्याला हरवलंय. माझा अंदाज, तू आधी त्या मथळ्याला आयडी (एकाच घटकाचं खास नाव) दिलास आणि काळा रंग तिथे लिहिलास. आयडीचं वजन क्लासपेक्षा जास्त, क्लासचं नुसत्या टॅगपेक्षा जास्त. नंतर लिहिलेला नियम जिंकतो तो वजन सारखं असेल तेव्हाच. कुणी इम्पॉर्टंट (बाकी नियमांवर मात करणारा शब्द) लाव म्हणून सांगेल, लावू नकोस. आज काम भागेल, पण पुढच्या महिन्यात तोच रंग बदलताना त्याच्यावर दुसरा इम्पॉर्टंट लावावा लागेल. आयडीवरचा रंग काढून टाक आणि क्लासवरच ठेव.

मी तक्त्यात फक्त नाव आणि क्रम बघतो. जस्टिफाय-कंटेंट की अलाइन-आयटम्स, एवढंच. अमुक का झालं हे विचारायची जागा म्हणजे हे इन्स्पेक्ट. आणि एखादा गुणधर्म खोलात समजून घ्यायचा असेल तेव्हा एमडीएन, म्हणजे मोझिलाचं वेबच्या माहितीचं संकेतस्थळ. तिथे सगळं वाचायचं असतं, माग चालू असला तरी अडणार नाही.

वडगावचा_माग

दादा, रेघच होती! आयडीमध्ये काळा रंग मीच महिन्याभरापूर्वी लिहिला होता. काढला, आता मथळा मरून आहे, बाबांना दाखवला.

पण चौकोनाचं अर्धंच सुटलं. बॉर्डर-बॉक्स लिहिल्यावर तिन्ही एका रांगेत आले, पण एकमेकांना चिकटून. म्हणून गॅप (चौकोनांमधली फट) १६ पिक्सेल दिला, तर तिसरी परत खाली.

पुण्यात_बेळगावकर

तीन ३२० म्हणजे ९६०, डबा तिथेच भरला. मधल्या दोन फटींचे ३२ कुठे ठेवणार? टक्केवारी गॅप बघत नाही. इथे फ्लेक्स सोड आणि ग्रिड (रांगा-रकान्यांची मांडणी) घे. डिस्प्ले ग्रिड, आणि ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्समध्ये रिपीट, त्यात ऑटो-फिट आणि मिनमॅक्स २४० पिक्सेल ते १ एफआर. एफआर म्हणजे गॅप वजा करून उरलेल्या जागेचा वाटा. तुझ्या डब्यात ९२८ चे तीन वाटे पडतील, प्रत्येकी ३०९ च्या आसपास. फोनवर ३६० ची रुंदी असली की दोन मावत नाहीत म्हणून आपोआप एकाखाली एक येतील, वेगळी मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे लागणारा नियम) नको. मात्र चौकोनांवरची ३३.३३ ची विड्थ काढून टाक, नाहीतर ती आपल्या वाट्याचाही तिसरा हिस्सा करेल.

शहापूर_डीटीपी

बाळा, मथळ्याचं मी सांगतो. बाकीचं मला फारसं कळत नाही, पण मराठी आणि कन्नड अक्षर लावण्यात माझी चोवीस वर्षं गेली. लग्नपत्रिका, वास्तुशांती, दुकानाच्या पाट्या, सगळं दोन्ही भाषांत.

तुझ्या तक्त्यातले आकडे रोमन लिपीसाठी आहेत. रोमन अक्षरं सुटी उभी असतात, त्यांच्यामध्ये फट वाढवली तर शब्द ऐसपैस दिसतो. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. तिथे फट घातलीस की रेषा तुटते आणि शब्द शब्द राहत नाही. मराठीसाठी लेटर-स्पेसिंग शून्य, यात तडजोड नाही. मथळा उठून दिसायला हवा असेल तर जाड वजनाचा फॉन्ट घे, आकार वाढव, वरखाली मोकळी जागा सोड.

आता ओळींमधलं अंतर, आम्ही त्याला लीडिंग म्हणतो. समज, मथळा दोन ओळींचा आहे. वर 'सुंदर नमुने' आणि खाली 'खरेदीपूर्वी पाहा'. 'सु' आणि 'मु' चे उकार खाली लोंबतात. 'र्वी' ची वेलांटी आणि वरचा रफार डोक्यावर चढतात. १.१ मध्ये हे दोघं एकमेकांत अडकणारच. इंग्रजी मथळ्यात एवढं वरखाली काही नसतं म्हणून तिथे १.१ चालतं. मराठी मथळ्याला १.४ च्या खाली जाऊ नकोस, परिच्छेदाला १.६ ते १.७ ठेव. कन्नडला ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खाली लागणारं अक्षर, बरंच खाली उतरतं, त्याला मथळ्यातही १.६ लागेल. छापून बघितल्याशिवाय मी पत्रिका कधी दिली नाही. तूही सगळ्यात वाईट शब्द घेऊन बघ, 'कर्तृत्व', 'खरेदीपूर्वी', 'दुर्मीळ'. हे नीट बसले की बाकीचे बसतातच.

आणखी दोन गोष्टी. तक्त्यात टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म अपरकेस असेल, आपल्या लिप्यांत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्याचा काही उपयोग नाही. इटालिकही टाळ. बहुतेक देवनागरी फॉन्टांत तिरकं अक्षर कुणी काढलेलंच नसतं, मग ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून तिरकं करतो आणि काना पडायला आल्यासारखा दिसतो.

हे सगळं त्या लॅमिनेशनवर मार्करने लिहून ठेव. तुझा तक्ता त्याशिवाय अर्धाच आहे.

खानापूरची_अक्का

मी खानापुरात संगणकाचा क्लास घेते, तिथेही मुलांना असाच एक कागद देते. शहापूरच्या काकांचं उत्तर मी माझ्या मुलांसाठी उतरवून घेतलं.

दोन भाषांचं पान आहे म्हणून सांगते, प्रत्येक भागाला लँग (भाषेची खूण) लाव, मराठीला 'एमआर' आणि कन्नडला 'केएन'. मग सीएसएसमध्ये लँग हा सिलेक्टर वापरून कन्नडचा फॉन्ट आणि लाइन-हाइट वेगळी देता येते. नुसती फॉन्ट-फॅमिलीत मुक्ता आणि मागे नोटो सॅन्स कन्नड अशी ओळ लावलीस तरी कन्नड दिसेल, कारण ब्राउझर एकेका अक्षरासाठी ज्या फॉन्टात ते सापडतं तो घेतो. पण कन्नड परिच्छेदातले इंग्रजी आकडे मुक्तात सापडतात म्हणून तिथूनच उचलले जातात आणि साडीची किंमत वेगळ्या वळणाची दिसते. आमच्याकडे एका मुलीच्या पानावर हे झालं होतं, आठवडाभर कारण सापडेना. लँगचा आणखी एक फायदा आहे. ज्या फॉन्टात सोय असते त्यात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात.

तुझा तक्ता कधीचा आहे तेही बघ. त्यात ग्रिड नसेल आणि फ्लोट-क्लिअरला (मांडणीची जुनी पद्धत) मोठा चौकोन दिला असेल तर तो जुना आहे. ग्रिड मोठ्या ब्राउझरांत २०१७ च्या मार्चपासून आलं. सीएसएसची पहिली शिफारस १९९६ च्या डिसेंबरची, तेव्हा पन्नासेकच गुणधर्म होते, एका पानात मावत होते. आता काही शे आहेत. एकपानी तक्ता करणाऱ्याने निवड केलेली असते, आणि ती त्याच्या कामाला लागणारी.

पॅडिंग-मार्जिनच्या चार आकड्यांचा क्रम मुलं नेहमी विसरतात. मी प्रदक्षिणा सांगते. वरून सुरुवात, मग उजवी, मग खाली, मग डावी. देवळात जातो तीच दिशा, त्यानंतर कुणी चुकत नाही. तीनच आकडे दिले तर पहिला वरचा, मधला दोन्ही बाजूंचा, शेवटचा खालचा.

वडगावचा_माग

काका, अक्का, दादा, काल रात्री माग बंद झाल्यावर बसलो आणि सगळं एकेक करून बदललं.

ग्रिडने तिन्ही साड्या रांगेत आल्या, फोनवर एकाखाली एक. माझ्या तक्त्यात ग्रिड नव्हतंच, फ्लोटला मात्र अर्धी बाजू दिलीय. लेटर-स्पेसिंग काढल्यावर मथळा परत जोडला गेला. शेजारच्या काकूंना मुद्दाम दाखवला, त्यांनी मोठ्याने वाचला. मराठी मथळ्याला १.४ ठेवलं. कन्नडला १.६ वर एक ओत्तक्षर अजून किंचित टेकत होतं, १.७ केलं. आकडेही आता दोन्हीकडे आपापल्या फॉन्टात आहेत.

लॅमिनेशनवर लाल मार्करने लिहिलंय: काठ धरून मोज, रेघ बघ, मराठीत फट नको, 'खरेदीपूर्वी' घालून बघ. फ्लोटच्या चौकोनावर कोरा कागद चिकटवून तिथे ग्रिडची ओळ लिहिली.

बाबांनी फोनवर पान वरून खालपर्यंत सरकवून बघितलं. म्हणाले, तिसऱ्या साडीचा काठ काळपट वाटतोय, मूळचा जांभळा आहे. ते सीएसएसचं नाही, फोटो ट्यूबलाइटखाली काढला होता. आज दुपारी गच्चीवर उजेडात परत काढतो.