त्रयीतलं दुसरं पुस्तक म्हणजे नुसता साकव?

मागची_सीट (धागाकर्ता)

रोज फोंडा-पणजी बस. येता-जाता वाचून 'द हंगर गेम्स' संपवलं आणि लगेच दुसरा भाग, 'कॅचिंग फायर', घेतला. सुझान कॉलिन्सबाईंची ही त्रयी कुमारवयीन वाचकांसाठी आहे आणि मी चाळिशी ओलांडलेला, पण भाची पाठच सोडेना. (शेवट आधी कळलेला चालत नसेल त्यांनी इथूनच परत फिरा. मी सगळं फोडणार आहे.)

पहिला भाग झकास. बारा जिल्ह्यांतून प्रत्येकी एक मुलगा, एक मुलगी. २४ जण रिंगणात आणि एकच उरेपर्यंत मारामारी. ते वाचता वाचता एकदा म्हार्दोळ मागे पडलं ते कळलंच नाही, फर्मागुढीला उतरून उलटी बस पकडावी लागली.

दुसऱ्यात? विजययात्रा, मेजवान्या, पोशाख, आणि नायिका कॅटनिसचं मन रिंगणातला सोबती पीटाकडे की घरचा जुना मित्र गेलकडे याचं दळण. मग नियम फिरवून जुन्या विजेत्यांनाच परत रिंगणात ढकलतात. पुस्तकाला २७ प्रकरणं आहेत आणि रिंगण सुरू होतं एकोणिसाव्यात! बरं, शेवटी सुटकेचा सगळा बेत दुसऱ्यांनीच आखलेला. नायिकेला पत्ताच नाही. शुद्धीवर येते तेव्हा टेबलाभोवती बसलेली माणसं तिला (आणि आपल्याला) काय घडलं ते सांगतात. पहिल्या काठावरून तिसऱ्यावर जायचा हा साकव. पावसात तोही नीट टिकेना.

दुसरी_घंटा

साकव म्हणे! आमच्या पेडण्याकडच्या गावात जत्रेला तीन अंकी नाटक होतं. मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतो, त्यामुळे प्रेक्षक कधी काय करतात ते मला नटांपेक्षा जास्त दिसतं. पहिल्या अंकाला खाजं खात असतात. तिसऱ्याला अर्धं गाव चटईवर आडवं. श्वास रोखलेला असतो तो दुसऱ्याच्या पडद्याला, कारण पीळ तिथे पडतो. या पुस्तकाचा शेवट आठवा: गेल येऊन सांगतो की त्यांचा घरचा बारावा जिल्हाच उरला नाही. यावर पडदा. अजून काय हवं?

आणि रिंगण उशिरा येतं ही तुमची तक्रार मला तर स्तुती वाटते. सुटलो म्हणून घरी आलेल्या माणसाला परत तिथेच नेणं, हे घर दाखवल्याशिवाय कसं जमणार?

ओलं_काजूबी

@दुसरी_घंटा, जत्रेतलं नाटक उजाडेपर्यंत संपतं हो. हे पुस्तक सप्टेंबर २००९ मध्ये आलं आणि तिसरं ऑगस्ट २०१० मध्ये. ज्यांनी तेव्हा वाचलं ते वर्षभर त्या पडद्याकडे बघत बसले. मी त्यातलीच. राग अजून गेलेला नाही.

शिवाय तेच रिंगण, तसेच प्रायोजकांचे पॅराशूट, तसाच जंगलात पाण्याचा शोध. पुनरावृत्ती मुद्दाम केली म्हणून ती पुनरावृत्ती राहत नाही का? धागाकर्त्याशी सहमत.

बारावी_नापास_नाही

तेच रिंगण??? काका-काकू लोक, पुस्तक उघडून वाचलंत की वरवर चाळलंत? पहिलं रिंगण म्हणजे जंगल. दुसरं म्हणजे घड्याळ! बारा पाचर, तासागणिक एकेक संकट. मध्यरात्री आणि मध्यान्ही झाडावर वीज, मग रक्ताचा पाऊस, मग कातडी जाळणारं धुकं. त्या धुक्यात कॅटनिसच्या बाजूची म्हातारी मॅग्ज, तिला आणि पीटाला दोघांना उचलणं तिचा जोडीदार फिनिकला शक्य नाही हे बघून, त्याचा मुका घेते आणि सरळ आत चालत जाते. तिच्या तोंडी नीट समजेल असं वाक्य क्वचितच आहे. मी ते पान वाचून जेवले नव्हते.

मागची_सीट

मॅग्जचं मान्य. बाणस्तारीच्या पुलावर वाचलं ते, शेजारच्याने खिडकी लावू का विचारलं तर उत्तर देता येईना. पण एक प्रसंग म्हणजे कादंबरी नव्हे. माझा मुख्य आक्षेप तसाच आहे: वाचकाला अंधारात ठेवलंय. कॅटनिसच्या 'मी'मधून सगळी गोष्ट सांगायची आणि खरी गोष्ट तिच्या पाठीमागे घडवायची, ही फसवणूक आहे.

डिचोलीची_काकू

फसवणूक कसली रे बाबा, तू पाव मोजले नाहीस एवढंच.

आमच्या दारात पोदेर (पाववाला) येतो. पोंऽपों वाजलं की मी आतूनच ओरडते, आज सहा, पाव्हणे आहेत. आकड्यावरून त्याला आमच्या घरातली बातमी कळते! म्हणून असेल, पण रिंगणात पॅराशूटमधून पाव येतात तिथे मी थांबले. फिनिक ते उगाच पुन्हा पुन्हा मोजतो. जिल्हा ३ चे पाव, २४ नग. उपाशी माणूस एक उचलून तोंडात घालेल, मोजत का बसेल? शेवटी उलगडतं: जिल्हा म्हणजे दिवस, नग म्हणजे तास. तिसऱ्या दिवशी चोविसाव्या तासाला सुटका. सगळं कॅटनिसच्या डोळ्यांदेखत झालं, तिला दिसलं नाही. तुलाही नाही.

आणखी दाखवू? कॅटनिसचा मार्गदर्शक हेमिच, त्याचं सोन्याचं कडं फिनिकच्या हातात. मेजवानीत खेळांचा मुख्य आयोजक प्लुटार्क खिशातलं घड्याळ काढून दाखवतो, काचेवर पक्षी चमकून जातो, आणि म्हणतो की मध्यरात्री सुरू होतं. हे घड्याळ तर तुझ्या त्या कंटाळवाण्या अठरा प्रकरणांतच आहे.

ओलं_काजूबी

कड्याचं मला आठवतच नव्हतं. काकू, तरीसुद्धा: जे पुस्तक परत वाचल्यावरच चांगलं ठरतं ते पहिल्यांदा वाचणाऱ्याने काय करायचं?

बारावी_नापास_नाही

परत वाचायचं. 😀

दुसरी_घंटा

@ओलं_काजूबी, प्रश्न रास्त आहे, मला उत्तर सुचत नाही. पण आमच्याकडे तेच नाटक दर दोन-चार वर्षांनी लागतं आणि तीच माणसं परत येतात. संवाद चुकला तर प्रॉम्प्टरच्या आधी खालूनच ओरडतात.

मागची_सीट

आज सकाळी बसमध्ये मेजवानीचं प्रकरण आणि संध्याकाळी येताना पावाचं, दोन्ही परत काढली. घड्याळ आहे. २४ आहेत. फिनिक मोजतोय.

गेलबिल तेवढं यातून काढलं असतं तर मी साकव म्हटलंच नसतं. तिसरा भाग भाचीने आधीच बॅगेत कोंबलाय.