झांबियाला विसरू नका

सत्तरच्या दशकातल्या आफ्रिकी संगीताच्या या चर्चेत वरच्या प्रतिसादांत नायजेरियाचा गायक फेला कुटी आणि ओसिबिसा हा बँड आले, छानच. पण झांबिया राहूनच गेलं! १९७०च्या दशकात तिथल्या तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यातल्या पोरांनी करकरीत फझ गिटार (मुद्दाम फाटका केलेला आवाज) आणि स्थानिक ताल एकत्र आणले, तोच झॅमरॉक. रेडिओवर देशी संगीतच जास्त वाजावं हा राष्ट्राध्यक्ष कौंडांचा आग्रहही या बँडांच्या पथ्यावर पडला.

विच या झॅमरॉक बँडची 'लेझी बोन्स' (१९७५) ही रेकॉर्ड ऐकाच. पुढे तांब्याचे भाव कोसळले, एड्सने कितीतरी वादक नेले. विचचा गायक इमॅन्युएल 'जगारी' चांडा रत्नांच्या खाणीत राबत होता. जुन्या रेकॉर्ड्स पुन्हा निघाल्या आणि हा माणूस साठी ओलांडल्यावर परत जगभर गाऊ लागला. मला या सगळ्यात हेच सर्वात मोलाचं वाटतं.

मूळ प्रती परवडण्यापलीकडे आहेत, त्यामुळे 'नाऊ-अगेन' या रेकॉर्ड कंपनीची पुनर्मुद्रणं बिनधास्त घ्या. अमानाझ या दुसऱ्या झॅमरॉक बँडची 'आफ्रिका' घेताना मात्र दोन तबकड्यांचा संच शोधा: त्यात तोच अल्बम दोन वेगळ्या मिक्समध्ये (ध्वनिमिश्रणांत) आहे, एक कोरडा, एक घुमणारा. माझं मत घुमणाऱ्याला. त्यात गिटार दूरवरून येत राहते आणि गाणी जास्त उदास वाटतात.