मदत हवी आहे: विंडोज ११ वरून सर्व्हर २००३ चं शेअर्ड फोल्डर उघडत नाही
ऑफिसचा सगळा हिशोब विंडोज सर्व्हर २००३ वर आहे आणि जुने एक्सपी पीसी त्याला नीट जोडलेले आहेत. आता विंडोज ११ प्रोची नवी मशीन आलीत. पिंग जातो (म्हणजे नेटवर्कवर सर्व्हर सापडतो), पण शेअर्ड फोल्डर काही उघडत नाही. २००३ ला फक्त एसएमबी १ (नेटवर्कवर फाइल शेअर करण्याच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती) समजतं आणि नव्या विंडोजमध्ये ते मुळातच बंद असतं, एवढं कळलं. विंडोज फीचर्समधून चालू करता येतं, पण २०१७ चा वॉनाक्राय (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) याच वाटेने पसरला होता. हिशोबाच्या डेटाबाबत तो धोका नको वाटतो.

डेटा लिनक्सच्या सांबावर (विंडोज पीसींना फाइल शेअर करून देणारं सॉफ्टवेअर) हलवून जुन्यांना एसएमबी १, नव्यांना एसएमबी ३ असं कोणी चालवलंय का? एक्सपीच्या लॉगिनसाठी एनटीएलएमची (विंडोजची लॉगिन तपासण्याची पद्धत) सेटिंग सैल करावी लागते का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.