बाबांसाठी घरी केअरटेकर हवाय, फोंड्यात एजन्सी कशी बघायची?

फोंडेकर_पुण्यात
बाबा ७६ वर्षांचे, गेल्या महिन्यात पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातून चार-पाच दिवसांत डिस्चार्ज देतायत. नाकात नळी, लघवीची पिशवी. फोंड्याला आई एकटी, तिचे गुडघे कामातून गेलेत आणि मी इथे पुण्यात. तीन एजन्सींना फोन लावले, तिघांचंही एकच, बारा तास की चोवीस, आणि लगेच रेट. पण येणार कोण, त्याला काय येतं, ते कोणी बोलतच नाही. नेमकं विचारायचं काय? आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा कार्डात हे बसतं का?

सुरंगी
दीनदयाळ विसरा, ते हॉस्पिटलातल्या उपचारांना, घरच्या माणसाच्या पगाराला नाही. आधी नर्स हवी की अटेंडंट ते ठरवा. नळी, कॅथेटर बदलणं, इंजेक्शन हे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या नर्सचं काम, तिचा नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा. अंघोळ, डायपर, कूस बदलणं अटेंडंट करतो. काही एजन्सीवाले अटेंडंटलाच 'सिस्टर' म्हणून पाठवतात आणि बिल नर्सचं लावतात!! तुम्हाला चोवीस तास नर्स लागणार नाही बहुतेक, अटेंडंट ठेवा आणि नळी-कॅथेटरपुरती नर्स बोलवा, डॉक्टरांना विचारून घ्या.

डिचोलीकर
आमचा अनुभव सांगतो, एजन्सीचं नाव घेत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि वहीत लिहायचं असं ठरलेलं. एकदा पहाटे साडेतीनला उठून बघतो तर मुलगा गाढ झोपलेला आणि वहीत चारची आणि सहाची एंट्री आधीच करून ठेवलेली, डावी कूस, उजवी कूस, सही सकट! दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी वडिलांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. पुढे चवथीला (गणपतीत) तो गावी गेला तो गेलाच, आणि एजन्सीचा फोन बंद. म्हणून बदली माणूस किती तासांत येणार आणि नाही आला तर डिपॉझिटचं काय, हे कागदावर घ्या. आधार कार्डाची कॉपी, पोलीस व्हेरिफिकेशन हेही करा. आणि चोवीस तासवाला पण माणूसच हो, रात्रीचं उठायचं असेल तर त्याला दिवसा झोपायला द्यावं लागतं, ते आम्ही दिलं नव्हतं हेही खरं.

वॉर्डातली_ताई
डिस्चार्जच्या आधी एक दिवस त्या माणसाला वॉर्डात बोलवा, स्टाफ नर्सच्या समोर त्याच्याकडून सगळं करून घ्या. नळीतून पेज-दूध देताना डोक्याची बाजू वर हवी आणि दिल्यावर अर्धा-एक तास तशीच ठेवायची, झोपवलं तर छातीत जाऊ शकतं. आणि उचलताना तो उजवा हात धरून ओढतो का बघा. ओढला तर नको तो माणूस, लुळ्या बाजूचा खांदा निसटतो.

फोंडेकर_पुण्यात
थँक्यू सगळ्यांना. वॉर्डात माणूस पाठवा म्हटल्यावर दोन एजन्सींनी 'तसं आम्ही करत नाही' म्हणून फोन ठेवला, तिसरी म्हणाली एक दिवसाचे पैसे पडतील. देतो म्हटलं, त्यांचा माणूस गुरुवारी येतोय. आईचं भलतंच टेन्शन, तो हुमण-भात (माशांची आमटी-भात) खाणारा आहे की त्याच्यासाठी वेगळं रांधायचं 😅