भिंतीवरची पाटी कामगाराला वाचवते, की ऑडिटला?

लेथवाला:
ऑडिटच्या आधी आमच्या शॉपमध्ये पाट्यांचं एक खोकं आलं. निळा गोल, आत पांढरे हातमोजे, म्हणजे 'हातमोजे घाला'. खोकं ज्याच्या हाती पडलं त्याने दिसेल त्या खांबाला, दिसेल त्या मशीनला एकेक चिकटवत नेलं. त्यातली एक पिलर ड्रिलवर, म्हणजे भोकं पाडायच्या उभ्या मशीनवर, जाऊन बसली.

ज्यांनी ड्रिल किंवा लेथ चालवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. फिरत्या स्पिंडलजवळ, म्हणजे बिट फिरवणाऱ्या दांड्याजवळ, हातमोजा घातला की कापड बिटला गुंडाळतं आणि आतला हातही ओढला जातो. उघड्या बोटाला खरचटून सुटायची संधी तरी असते. सुरक्षा-चिन्हांच्या आयएसओ ७०१० या आंतरराष्ट्रीय मानकात नेमकी याच्या उलट पाटी आहे, पी०२८: लाल गोल, तिरकी रेघ, आत हातमोजा. म्हणजे 'हातमोजे घालू नका'. आमच्याकडे ऑडिट करणाऱ्याने ड्रिलवरची निळी पाटी बघितली आणि यादीत बरोबरची खूण केली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. बहुतेक पाट्या या कबुलीजबाब असतात. 'येथे हात घालू नका' असं लिहावं लागलं, याचा अर्थ हात जाईल एवढी फट तुम्ही उघडी ठेवलीत. धोक्यावरच्या उपायांची उतरंड सगळ्यांना पाठ आहे: धोका मुळातून काढा, नाहीतर कमी धोक्याचं काही वापरा, नाहीतर गार्डने (मशीनवरच्या आडोशाने) किंवा इंटरलॉकने (गार्ड उघडला की मशीन बंद करणाऱ्या सोयीने) अडवा, मग नियम-प्रशिक्षण-पाट्या, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-गॉगल. खरेदी मात्र खालच्या पायरीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. कारण पाटी लावायला मशीन बंद करावं लागत नाही.

निम्म्या पाट्या उतरवा, तेवढ्या पैशांत गार्ड बसवा. बोला.

द्रावण:
साफ असहमत. तुम्ही सगळं जग लेथ समजून लिहिलंय.

मी रसायनांच्या गोदामात काम करते. पाण्यासारखं दिसणारं द्रव पाण्यासारख्याच दिसणाऱ्या डब्यात असतं. त्याला गार्ड कुठून बसवणार? तिथे लेबल हाच एकमेव गार्ड आहे. लाल चौकटीची नऊ चिन्हं जगभर सारखी करायला माणसांनी वर्षं घालवली ती हौस म्हणून नाही. कवटी म्हणजे तीव्र विष हे सगळ्यांना कळतं. पण छातीवर चांदणी फुटलेल्या माणसाचं चिन्ह म्हणजे कॅन्सर किंवा फुप्फुस-यकृतासारख्या अवयवांचं दीर्घकाळाचं नुकसान, हे माझ्याबरोबरच्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. त्यावरून 'चिन्हं काढा' म्हणायचं, की 'शिकवा' म्हणायचं?

तुमच्या निळ्या पाटीवर माझा राग वेगळ्या कारणाने आहे. ती अर्धवट आहे. 'हातमोजे घाला', पण कुठले? डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट पातळ नायट्राइल रबराच्या हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार येतं. माणूस मोजे घालून निर्धास्त असतो आणि आत त्वचा भिजत असते. रसायनाबरोबर येणाऱ्या सुरक्षा-माहितीपत्रकाच्या, म्हणजे डेटा शीटच्या, सोळा भागांपैकी आठवा भाग यासाठीच असतो, पण ती शीट ऑफिसच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. मला पाट्या कमी नकोत, जास्त माहितीच्या हव्यात.

लेथवाला:
रसायनांपुरतं मान्य. पण डबा ओळखू यावा म्हणून लावतात ते लेबल, आणि माणसाला दटावते ती पाटी. मी दुसरीबद्दल बोलतोय.

टाळाकिल्ली:
लेथवाल्यांना माझा पाठिंबा, आणि माझ्याकडे त्याचा चांगला दाखला आहे.

मेंटेनन्सला मशीन बंद करताना दोन गोष्टी करता येतात. पॅनेलच्या स्विचला 'काम चालू आहे, चालू करू नये' असा टॅग लटकवायचा, किंवा स्वतःचं कुलूप घालून किल्ली खिशात ठेवायची. अमेरिकेच्या ओशाने, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याने, १९८९ मध्ये यावर नियम काढला, त्यात स्वच्छ म्हटलंय की टॅग ही फक्त सूचना आहे, तो काहीही अडवत नाही. कुलूप अडवतं. एवढाच सगळा फरक.

मी नवीन असताना कन्व्हेयरखाली होतो, वर टॅग होता. शिफ्ट बदलली. नव्या ऑपरेटरने टॅग वाचला, त्याला वाटलं आधीच्या शिफ्टचा राहून गेलाय, काढून बाजूला ठेवला. मोटर गुरगुरली तेव्हा मी नुकताच सरकून बाहेर आलो होतो, पाना घ्यायला. त्या माणसाला वाचता येत होतं, तो दारू पिऊन आला नव्हता, कामचुकारही नव्हता. त्याने फक्त चुकीचा अंदाज केला. कुलपापुढे अंदाज चालत नाही.

तेव्हापासून माझं कुलूप माझंच. माझ्याशिवाय कोणी काढायचं नाही, सुपरवायझरनेही नाही. आणि कुलूप घातल्यावर एकदा स्टार्ट बटण दाबून बघायचं. हे लोक विसरतात. चुकीच्या ब्रेकरला कुलूप घालून आत शिरलेले बघितलेत मी.

बंबवाला_निवृत्त:
तुम्ही सगळे रोज त्याच जागी काम करणाऱ्या माणसाचा विचार करताय. त्याला पाटी दिसत नाहीच, दोन आठवड्यांत ती भिंतीचा भाग होते. पण पाटी त्याच्यासाठी नसतेच! ती असते ट्रक घेऊन आलेल्या ड्रायव्हरसाठी, दोन दिवसांच्या कंत्राटी वेल्डरसाठी, आणि माझ्यासारख्यासाठी, जो पहिल्यांदाच त्या इमारतीत शिरतोय, तोही धुरातून.

धूर वरून खाली भरत येतो. दारावरची हिरवी पाटी सगळ्यात आधी गडप होते. म्हणून जमिनीलगत उजळणाऱ्या पट्ट्या मारतात. आणि त्या अंधारात आपोआप उजळत नाहीत बरं का. आधी त्यांच्यावर दिवा पडलेला असावा लागतो. कायम बंद दिव्याच्या बोळात लावलेली पट्टी आयत्या वेळी डोळे मिटून बसते.

आकाराचाही हिशोब असतो. आतून दिवा असलेली पाटी तिच्या उंचीच्या साधारण दोनशे पट अंतरावरून वाचता येते, बाहेरून उजेड पडणारी शंभर पट. म्हणजे १५ सेंटिमीटरची दिव्याची पाटी ३० मीटरवरून दिसेल, बिनदिव्याची १५ मीटरवरून. साठ मीटरच्या शेडमध्ये एका टोकाला तळहाताएवढं स्टिकर लावून 'नियम पाळला' म्हणणाऱ्यांना मी टेप धरून चालवलंय.

तो पळणारा हिरवा माणूस जपानी डिझायनर युकिओ ओता यांचा. अक्षरं न वाचता कळावा म्हणूनच तसा आहे. त्याला कबुलीजबाब म्हणणार का? आग लागू शकते ही कबुली द्यायलाच हवी.

लेथवाला:
हिरव्या माणसाला हात लावणार नाही. तो निघायची वाट दाखवतो, दटावत नाही.

द्रावण:
आधी लेबल वगळलं, आता हिरव्या पाट्या वगळल्या. उरलं काय मग? तुमच्या ड्रिलवरचं स्टिकर.

स्टोअरची_खिडकी:
मी सेफ्टी साहित्याची खरेदी बघतो, त्यामुळे इथे शिव्या माझ्याच वाट्याला येणार हे धरून लिहितो.

गार्ड हवा, कबूल. गार्डचं ड्रॉइंग, मग मंजुरी, मग फॅब्रिकेशन, मग मशीन दोन दिवस बंद, ज्याला प्रॉडक्शन हो म्हणत नाही. तोवर काय बोटं कापून घ्यायची? तोवर फेस शील्ड आणि पाटी एवढंच माझ्या हातात असतं, आणि ते मी सकाळी मागितलं तर संध्याकाळी येतं. 'शेवटची पायरी' म्हणून हिणवू नका. घसरणाऱ्याचा पाय शेवटच्याच पायरीवर टेकतो.

टाळाकिल्ली:
'तोवर' हाच शब्द मी अकरा वर्षं ऐकतोय. तात्पुरती पाटी पिवळी पडते, गार्ड येत नाही. पाटी लागली की निकड संपते, हे तुम्हीही जाणता.

पुलावरचा:
गोल्डन गेट पुलाचं उदाहरण दोन्ही बाजूंच्या कामाचं आहे. १९३० च्या दशकात तिथे कामगारांना हेल्मेट होतीच, पण मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी पुलाखाली जाळंही ताणून घेतलं. त्या जाळ्याने १९ जणांना झेललं. जाळ्याला कोणाची शिस्त लागत नाही, ते झोपाळलेल्यालाही झेलतं. लेथवाले, हे तुमच्या बाजूने.

आता दुसरी बाजू. १७ फेब्रुवारी १९३७ ला कामाचा फलाट सुटला, जाळं फाडून खाली गेला आणि दहा माणसं मेली. जाळं माणसासाठी होतं, फलाटाच्या वजनासाठी नव्हतं. गार्ड असला की सुटलो, असं नसतं. तो कशासाठी बनवलाय ते कोणीतरी लिहून ठेवावं लागतं. कुठे? पाटीवर.

लहान_साइज:
साधनांचा विषय निघालाच आहे तर. आमच्या स्टोअरला हातमोजे दोन मापांत येतात, मोठे आणि त्याहून मोठे. माझ्या बोटांच्या पुढे दीड इंच मोजा रिकामा लोंबतो. तो पट्ट्यात अडकतो. फॉल हार्नेसच्या, म्हणजे उंचावरून पडताना धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या साजाच्या, मांडीच्या पट्ट्या शेवटच्या भोकापर्यंत ओढल्या तरी सैल. पाटी म्हणते 'घाला', घातलं तर जास्त धोका, नाही घातलं तर मेमो. खिडकीवाले, संध्याकाळपर्यंत येतं म्हणालात ना, माझ्या मापाचं कधी येतं ते सांगा.

स्टोअरची_खिडकी:
माप कळवा. इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, मापाचा रकानाच नाही, ही आमची चूक आहे.

किरण_मोजणारा:
पाटी कुठे लावली यावर या वादात कोणी बोललंच नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह १९४६ मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेत निघालं. आपल्या लोकांना ते कळतं, म्हणजे जगाला कळतं, अशी समजूत होती. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बंद पडलेल्या दवाखान्यातलं उपचाराचं यंत्र भंगारात गेलं, लोकांनी ते फोडलं, आत सीझियम-१३७ ची निळसर चमकणारी पूड. हौसेने घरोघर वाटली. चौघं मेली, अडीचशेच्या आसपास माणसांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सार सापडला.

मग आयएईए (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) आणि आयएसओने मिळून नवं चिन्ह तयार केलं. अकरा देशांतल्या वेगवेगळ्या थरांतल्या लोकांना दाखवून बघितलं आणि २००७ मध्ये जाहीर केलं. लाल त्रिकोण, वर किरण, खाली कवटी आणि पळणारा माणूस. हे चिन्ह दारावर किंवा वाहतुकीच्या पेटीवर लावत नाहीत. ते असतं यंत्राच्या पोटात, झाकणाखाली, किरण देणाऱ्या स्रोताला लागून. रोज वापरणाऱ्याला ते कधी दिसतच नाही. ज्याने स्क्रू काढून झाकण उघडलंय, त्यालाच ते दिसतं, आणि पुढचा स्क्रू काढायच्या आधी दिसतं.

लेथवाले म्हणतात पाट्या निम्म्या करा, द्रावण म्हणतात वाढवा. मला दोन्ही संख्या निरर्थक वाटतात. हात जिथे थांबायला हवा तिथे पाटी आहे का, एवढंच मी बघतो. गेटवर रांगेने लावलेल्या चौदा पाट्या माणूस घरून येतानाच्या चालीत ओलांडतो. तिथे त्याला काहीच ठरवायचं नसतं.

बंबवाला_निवृत्त:
+१. टाकीच्या मॅनहोलचंच बघा. आत कोणी पडलेला दिसला की दुसरा माणूस विचार न करता उतरतो, आणि तोही पडतो. बंद जागेतल्या मृत्यूंमध्ये वाचवायला गेलेलेच फार असतात. हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर मीटर लागतो, नाकाला कळत नाही. हायड्रोजन सल्फाइड तर जास्त झाला की वास यायचाच बंद होतो, माणसाला वाटतं गेला गॅस. तिथली पाटी झाकणाच्या आतल्या बाजूला हवी, उघडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर.

लेथवाला:
किरण, तुमचा मुद्दा बोचला. तरी एक सांगतो, खोट्या पाट्यांचं काय करायचं? आमच्या अख्ख्या शेडला 'इअर मफ अनिवार्य' आहे. प्रेसजवळ ९१ डेसिबल आहे, तिथे हवेच. ८५ ला आठ तास धरले तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९१ ला दोनच तास. पण तीच पाटी शांत स्टोअररूमच्या दारावरही आहे. तिथे कोणी मफ घालत नाही, साहेबही नाही. एकदा पाटी मोडायची सवय स्टोअररूममध्ये लागली की ती प्रेसपर्यंत जाते. म्हणून उतरवा म्हणतोय.

द्रावण:
स्टोअररूमची उतरवा, मी शिडी धरते. 'निम्म्या उतरवा' आणि 'खोट्या उतरवा' यात फरक आहे, आणि तुम्ही आता दुसरं म्हणताय.

हिशोबी:
अवांतर: 'अपघाताविना ___ दिवस' या गेटवरच्या बोर्डाला कुठल्या रंगात धरायचं? आमचा आकडा तीनशेच्या पुढे गेल्यावर एकाचं बोट चेंगरलं. त्याला बँडेज करून खुर्चीवर बसवला, हजेरी लावली. बोर्ड शून्यावर आला नाही. त्याच्या शिफ्टमधलेच त्याला म्हणत होते, आता बक्षीस घालवू नकोस.

टाळाकिल्ली:
तो बोर्ड आधी उतरवा. यावर तरी वाद नसावा.

स्टोअरची_खिडकी:
वाद आहे. तो काढायला वरून सही लागते.

लेथवाला:
एवढं लिहून झाल्यावर आज काय केलं ते सांगतो. ड्रिलवरची निळी पाटी खरवडून काढली आणि पी०२८ मागवून बसवली. खांबावर नाही, फीडच्या हँडलच्या वर, हात जातो तिथेच.

द्रावण:
म्हणजे शेवटी पाटीच लावलीत.

लेथवाला:
लावली.

द्रावण:
आणि चक गार्ड, फिरत्या बिटाभोवतीचा आडोसा?

लेथवाला:
इंडेंट दिलाय. खिडकीवाल्यांसारखेच एक आमच्याकडेही आहेत, ते म्हणाले, "तोवर पाटी आहे ना."